आचऱ्यातला ऱ्या

आमच्या गावाचं नाव वेबसाइटवर धड उमटायला अडीच महिने लागले. गाव आचरा, तालुका मालवण. नुसतं 'आचरा' लिहिलं तर कुठलाही फॉन्ट ते मुकाट दाखवतो. पण मराठीत गावाला विभक्ती लागते. आचऱ्याला जायचं, आचऱ्याहून यायचं, आचऱ्याचा रामेश्वर. तिथे तो पापणीसारखा अर्धा र येतो, आणि माझी सगळी हुशारी तिथेच अडकली.

काम काकीच्या बचत गटाचं होतं. बारा-तेरा बायका मिळून कोकम आगळ, सोलां, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, आंब्याची साठं असलं सगळं करतात. हंगामात आंब्याच्या पेट्याही असतात. आजवरची विक्री जत्रेत, ओळखीच्या चाकरमान्यांत आणि फोनवर. मी पुण्यात आठ वर्षं वेब डिझाइन करून गावी परतलेली, त्यामुळे 'चेडवाक येता, तर करूंदे' असं गटाच्या बैठकीत परस्पर ठरून गेलं. मुदत शिमग्याची. चाकरमानी शिमग्याला आले की त्यांच्या फोनात साइट उघडून द्यायची, हा बेत.

पुण्यात मी केलेली कामं बहुतेक इंग्रजी. मराठी असलीच तर पानाच्या माथ्यावर एखादा शब्द, 'नमस्कार' नाहीतर 'स्वागत'. हे दोन्ही शब्द फार सोयीचे आहेत हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांच्या शिरोरेषेच्या वर काही नाही, पायाखाली काही नाही. ना रफार, ना वेलांटी, ना उकार. असे शब्द कुठल्याही फॉन्टात गोजिरे दिसतात. 'कुर्ल्यांची शेंगुळी' लिहून बघितली असती तर खरं काय ते कळलं असतं. (असा पदार्थ नाही. पण फॉन्ट तपासायला उत्तम.)

तर मी एक सडपातळ, गोलसर भौमितिक वळणाचा फॉन्ट घेतला. वजन, म्हणजे रेषेची जाडी, ३००, रंग फिका करडा, आकार १६ पिक्सेल, ओळीची उंची १.४. हे सगळे आकडे इंग्रजीच्या सवयीचे. रात्री दिवा मालवून मोठ्या मॉनिटरवर ते पान इतकं देखणं दिसत होतं की मी त्याचा स्क्रीनशॉट पुण्यातल्या मैत्रिणीला पाठवला. तिनेही बदाम पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास काकी खळ्यात मिरच्या वाळत घालत होती. मी फोन पुढे केला. तिने हात पदराला पुसले, फोन घेतला, उन्हाकडे पाठ केली, मग परत तोंड केलं, डोळ्यांवर हाताचं छप्पर धरलं.

"माका दिसणा नाय गो. पांढऱ्यार पांढरा लिवलंस."

फोनवर ओरखड्यांची जुनी काच, डोक्यावर ऊन, नंबर वाढलेला चष्मा. मी मनात म्हटलं, हा दोष वयाचा आहे, माझ्या फॉन्टाचा नाही. मग घरात येऊन हिशेब केला. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ ला १ एवढा फरक असावा, असं वेबच्या सुगम्यतेच्या मानकात सांगितलेलं आहे. माझा करडा पांढऱ्यावर २.८५ भरला. म्हणजे ऊन नसतं, काकी पंचवीस वर्षांची असती, तरीही मी नापासच होते. रंग गडद केला. पण अक्षर बारीकच ठेवलं, कारण ते मला आवडलं होतं.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या एका भावकीतल्या वहिनींना पान बघायला पाठवलं. त्यांचा फोन आला, "आबा पेटी म्हणजे काय गं? आबांचं नाव दिलंय का पेटीला?" आंब्यावरचा अनुस्वार त्यांच्या फोनवर दिसलाच नव्हता. ३०० वजनात रेषा जशी बारीक होते तसं टिंबही बारीक होतं. १६ पिक्सेलला ते शिरोरेषेच्या वर धुळीच्या कणाएवढं उरतं, आणि पडदा हलका असला की विरून जातं. इंग्रजीत आयवरचं टिंब गेलं तरी वाचणाऱ्याचं काही अडत नाही. आमच्याकडे टिंब गेलं की आंब्याचा आबा होतो.

आता काकांबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे काकीचे यजमान. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. १९९० च्या सुमारास संगणक आले, खिळे ठेवायच्या खणांच्या केसा भंगारात निघाल्या, आणि काका गावी येऊन नारळांना पाणी घालू लागले. एरवी ते कुणाच्या कामात लक्ष घालत नाहीत. पण 'आबा पेटी'वर काकी पोट धरून हसत होती तेव्हा ते पडवीतून म्हणाले, "प्रूफ आण. कागदार."

मी म्हटलं, काका, वेबसाइटचं प्रूफ नसतं, ती प्रत्येक फोनवर वेगळी दिसते. ते म्हणाले, "मगे प्रत्येक फोनाचा आण."

तर मी पाच-सहा फोनांवरचे स्क्रीनशॉट घेतले आणि कणकवलीला जाऊन छापून आणले. काकांनी तांबडी पेन्सिल शोधली, टोक काढलं, आणि दोन दिवस ते कागद घेऊन बसले. परत आले तेव्हा माझ्या देखण्या पानाला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

सगळ्यात मोठं वर्तुळ या वाक्यावर होतं: 'सह्याद्रीच्या दर्यांत वाढलेल्या रातांब्यांपासून.' त्याशेजारी काकांच्या वळणदार अक्षरात प्रश्नचिन्ह. काकी डोकावून म्हणाली, "अगो, दर्यो घाटार कधी गेलो?"

लिहायचं होतं 'दऱ्यांत'. मूळ मजकुरात तसंच होतं, मी शपथेवर सांगू शकले असते. खाली पत्त्यातही 'आचर्याच्या तिठ्यावर' झालेलं. म्हणजे गाव नव्हे, कुणी आचार्य. 'गिऱ्हाइकां'चं 'गिर्हाइकां' झालेलं. पापणी गेली होती आणि तिच्या जागी डोक्यावर रफार चढला होता. प्रत्येक ठिकाणी, एकही न चुकता.

मी दोन रात्री फॉन्टाला शिव्या घातल्या. दोष फॉन्टाचा नव्हताच. गटाचं जुनं माहितीपत्रक एका डीटीपीवाल्याने केलेलं, युनिकोडच्या आधीच्या जातीच्या फॉन्टात. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे मजकूर दुसरीकडे चिकटवला की निव्वळ कचरा दिसतो. तो मी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला. युनिकोडमध्ये ऱ्या दोन वाटांनी येतो. एक वाट म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, खाली टिंब असलेलं, आणि त्यापुढे हलन्त आणि या. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त, मग 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं शून्य रुंदीचं, डोळ्याला न दिसणारं एक चिन्ह, आणि मग या. परिवर्तकाने दुसरी वाट धरली होती. आणि मी? पुण्याच्या सवयीने मजकूर साइटवर चढवण्याआधी एक सफाईची स्क्रिप्ट चालवली होती, जी न दिसणारी सगळी चिन्हं कचरा समजून झाडून टाकते. जॉइनर गेला, र सुटा झाला, आणि नियमाप्रमाणे पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसला. फॉन्ट बिचारा सांगितलेलं काम करत होता.

काकांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे त्याचा खिळा वेगळा, खण वेगळा. हात चुकला तर दुसरा खिळा येईल, पण खिळा आपण होऊन रूप बदलणार नाही. मला पहिल्यांदाच शिशाचा हेवा वाटला.

मी सगळा मजकूर पहिल्या वाटेवर आणला, म्हणजे जिथे जिथे र, हलन्त, जॉइनर होतं तिथे ऱ आणि हलन्त. सफाईची स्क्रिप्ट देवनागरीच्या वाटेला जाणार नाही अशी बांधून ठेवली. त्याच ओघात ॲ सापडला. काही ठिकाणी तो एकसंध ॲ होता आणि काही ठिकाणी अ वर वेगळा चंद्र ठेवलेला. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, पण 'ॲडव्हान्स' शोधलं की अर्धेच सापडायचे. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीचा मजकूर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला असणारच. तेही एकसारखं करून घेतलं.

यानंतर मी माझा सडपातळ फॉन्ट सोडला. जड मनाने, हे कबूल करते.

नवा निवडताना या वेळी आधी मजकूर घेतला. गटाच्या मालाच्या यादीतून आणि काकीच्या बोलण्यातून शब्द उचलून एक कसोटीचा परिच्छेद केला. त्यात 'आचऱ्याच्या तिठ्यावर' होतं, 'कुर्ल्या' होत्या, कारण त्यात खाली उकार आणि वर रफार, मध्ये जोडाक्षर. 'रस्सा', 'चिठ्ठी', 'खड्डा' होते. 'ग्रॅम', 'ऑर्डर', 'बँक' होते. 'रुपये' आणि 'रूप' शेजारी शेजारी ठेवले, कारण र ला लागणारा ऱ्हस्व आणि दीर्घ उकार काही फॉन्टांत भिंग लावल्याशिवाय ओळखू येत नाही. 'घर' आणि 'धर', 'भात' आणि 'मात'. 'खवले' ठेवलं, कारण ख चे दोन भाग खाली नीट जुळले नाहीत तर तो 'रव' वाचला जातो. त्या परिच्छेदाला अर्थ काही नव्हता. काकीने वाचला आणि म्हणाली, हा कुणाचा गाऱ्हाणा?

मुक्त, हिंद, बालू, अनेक, नोटो सान्स, टिरो, यंत्रमानव असे सात फॉन्ट घेतले. सगळे फुकट वापरता येणारे. एकेका फॉन्टात तो परिच्छेद १८ पिक्सेलला लावून काकीच्या फोनवर टाकला आणि खळ्यातच, उन्हातच वाचायला दिला. नावं सांगितली नाहीत, पानांना फक्त क्रमांक दिले. काकीने, तिच्या जावेने आणि गटाच्या हिशेबनीस बाईंनी वाचलं. मी फक्त कुठे अडखळतात ते टिपत होते. 'आवडला का' विचारायचं नाही, हे ठरवून ठेवलं होतं. आवडीचं विचारलं की लोक पाहुण्यासारखे बोलतात.

मुक्त सर्वांत कमी अडला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट. अक्षरं मोकळी, टिंब ठसठशीत, आणि २०० पासून ८०० पर्यंत सात वजनं. बालूही नीट वाचला गेला, पण तो असा गुबगुबीत आहे की दोन ओळींच्या वर घेतला तर लाडू खाल्ल्यासारखं होतं. पेटीवरच्या चिकटपट्टीसाठी तो मी बाजूला काढून ठेवला, तिथे तो शोभतो. अंगच्या मजकुरासाठी मुक्त ठरला.

मथळ्यांना टिरो देवनागरी मराठी घेतला. हा जाड-बारीक रेषेचा, जुन्या छपाईच्या वळणाचा. टिरोने मराठी, हिंदी आणि संस्कृत यांच्यासाठी तीन वेगळे फॉन्ट दिले आहेत आणि फरक अक्षरांच्या रूपांत आहे. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. काकांनी टिरोतला मथळा बघितला आणि पेन्सिल खाली ठेवली. "ह्यो निर्णयसागरी घराण्यातलो दिसता," म्हणाले. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा, आणि त्यांच्या खिळ्यांचं नाव मुंबईतले जुळारी पिढ्यानपिढ्या घेत आले. काकांच्या तोंडून त्याहून मोठी शाबासकी मिळणार नव्हती. ती माझी नव्हती ही गोष्ट वेगळी.

पण दुसऱ्या प्रुफात त्याच मथळ्यांवर तांबडी खूण. "शाई जास्त झाली." खरंच, ध आणि श ची पोटं बुजल्यासारखी दिसत होती. टिरोला ठळक वजनच नाही. मथळा म्हटला की ब्राउझर आपण होऊन तो ठळक करतो, आणि ठळक फाइल मिळाली नाही की साध्याच अक्षराला दुहेरी रंगवल्यासारखं फुगवतो. मी मथळ्यांचं वजन ४०० लिहून टाकलं आणि असं खोटं ठळक किंवा खोटं तिरकं करायचं नाही अशी सूचना साइटभर दिली. तिरकं तर मी मराठीतून हद्दपारच केलं. इंग्रजीत तिरक्या अक्षराला स्वतःचं वळण असतं. आमची अक्षरं ढकलली की नुसती पडायला आलेली दिसतात. जोर द्यायचा तिथे ६०० वजन.

मथळ्यांत मी आणखी एक शहरी नखरा केला होता. अक्षरांत दोन पिक्सेलचं अंतर. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ते ऐटबाज दिसतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. काका म्हणाले, "रेघ तुटली म्हंजे खिळो झिजलो. मालक पगारातून कापी." अंतर शून्यावर आणलं.

ओळीच्या उंचीवर मात्र काकांशी वाद झाला, आणि वादात मीच शिकले. मी १.४ वरून १.५ वर आले होते आणि मला ते पुरेसं वाटत होतं. काका कपाटातून एक बोटभर रुंद पत्र्यासारखी पट्टी घेऊन आले. दोन ओळींच्या मध्ये घालायची लेड. काळवंडलेली, टोकाला वाकलेली, तीस वर्षं सांभाळलेली. मराठीला इंग्रजीपेक्षा एक लेड जास्त, हा त्यांचा नियम. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार यांची डोकी आपटता कामा नयेत. त्यांनी माझ्याच पानावर बोट ठेवलं. वरच्या ओळीत 'कुळथाचं', खालच्या ओळीत बरोबर त्याखाली 'ऑर्डर'. उकाराची शेपटी आणि ऑ चा चंद्र एकमेकांत गुंतले होते. १.७५ वर दोघे सुटले. तेवढ्याने पान लांबलं, पण लांबलं तर लांबलं.

'ऑर्डर'चं एक प्रकरण वेगळंच होतं. बटणाची उंची मी पक्की बांधलेली, त्यातून बाहेर जाईल ते कापायचं असा नियम. त्यात ऑ चा चंद्र आणि र्ड चा रफार दोन्ही कापले गेले आणि बटणावर उरलं 'आडर करा'. गटातल्या कुणालाच त्यात चूक दिसली नाही, कारण त्या सगळ्या 'आडर'च म्हणतात. मला तीन आठवड्यांनी दिसलं. तोवर तीन आडरी आल्याही होत्या.

आकाराचंही सांगते. मुक्त १६ ला लहान वाटतो, असं मला वाटायचं; मग लक्षात आलं की देवनागरीत तेवढ्याच उंचीत वरच्या मात्रा, मधलं अंग आणि खालचे उकार असे तिन्ही मजले बसवायचे असतात, त्यामुळे अंगाला जागा कमी पडते. मोबाइलवर १८ आणि मोठ्या पडद्यावर १९ ठेवलं. मग ते इंग्रजी १६ च्या शेजारी समान दिसायला लागलं.

मध्येच एक किरकोळ पण खूप छळलेली गोष्ट. मी ज्या साच्यावर साइट उभी केली होती त्यात पानाची भाषा इंग्रजी अशी नोंद होती. ज्या फॉन्टांत मराठीची वेगळी रूपं आत दडवलेली असतात ते ही नोंद बघूनच ठरवतात की ल, श कुठले काढायचे. इंग्रजी नोंद असली की ते आपल्या मूळ रूपावर जातात, आणि ते मूळ रूप बहुधा हिंदीचं असतं. मराठीची नोंद केली. एका ओळीचं काम, आणि कुणी सांगितलं नसतं तर जन्मभर राहिलं असतं. मलाही कुणी सांगितलं नाही. 'नारळ'मधला ळ बरोबर आणि 'काजूगर सोललेले'मधला ल परका का, हे शोधताना सापडलं.

यापुढचा अडथळा अक्षरांचा नव्हता, रेंजचा होता. आमच्या वाडीत फोनला विहिरीपाशी दोन दांड्या येतात, माजघरात शून्य. विहिरीपाशी साइट उघडली की चित्रं, रंग, बटणं यायची आणि अक्षरांच्या जागी कोरं. ब्राउझर फॉन्टाची फाइल येईपर्यंत साधारण तीन सेकंद अक्षर लपवून ठेवतो. काकीने तीन सेकंद कोरं पान बघितलं आणि फोन बंद करून कमरेला खोचला. तिच्या दृष्टीने साइट मोडकी होती.

देवनागरी फॉन्टाची फाइल जड असते, कारण मुळाक्षरांशिवाय जोडाक्षरांची शेकडो रूपं आत असतात. आणि मी मुक्तची पाच वजनं जोडून ठेवली होती, त्यांतली तीन कुठेच वापरलेली नव्हती. ती काढली. ४०० आणि ६०० उरली. मग हाव सुटली. एका ऑनलाइन सोयीत फॉन्ट घालून 'फक्त लागणारी अक्षरं ठेव' म्हटलं. फाइल एवढीशी झाली. पान उघडलं तर 'रस्‌सा', 'कुळथाच्‌या', 'ऑर्‌डर'. सगळे पाय मोडलेले, हलन्त लोंबकळत. युनिकोडमध्ये जोडाक्षराला स्वतःचा क्रमांक नसतो. स, हलन्त, सा एवढंच लिहिलेलं असतं आणि त्याचा 'स्सा' करायचा नियम फॉन्टाच्या पोटात असतो. त्या सोयीने अक्षरं ठेवली आणि नियम फेकले. मूळ फाइल परत आणली, वॉफ-टू या वेबसाठीच्या हलक्या रूपात दाबून आमच्याच सर्व्हरवर ठेवली, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनातलं अक्षर दाखव असं सांगितलं.

त्याने कोरेपणा गेला आणि उडी आली. फोनातलं अक्षर वेगळ्या रुंदीचं. मुक्त आला की सगळा मजकूर सरकायचा. काकीने आगळीवर बोट टेकवलं, त्याच क्षणी पान हललं आणि साइटवरच्या खरेदीच्या टोपलीत मसाला पडला. अँड्रॉइडवर बहुधा नोटो असतो, नव्या विंडोजवर निर्मला, आणि गटाच्या खोलीतल्या जुनाट संगणकावर र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला मंगल. तिघांची मापं निरनिराळी. सगळ्यांना पुरून उरणं शक्य नव्हतं, म्हणून अँड्रॉइडपुरता नोटोचा आकार टक्क्यांत कमी-जास्त करून मुक्तशी जुळवला. अजून बारीक हिसका बसतो. पण टोपलीत आगळच पडते.

अंकांवर गटात मतदान झालं. मराठी अंक जिंकले. फक्त किमती थोड्या मोठ्या लावाव्या लागल्या, कारण बारीक आकारात १ आणि ९ एकमेकांचे जुळे वाटतात. नग लिहायच्या चौकटीत मराठी कीबोर्डवरून '२' टाइप केलं तर चौकट ते घेईचना. तिला साधी मजकुराची चौकट केलं आणि अंक मागच्या मागे बदलून घेतला.

शिमग्याच्या चार दिवस आधी शेवटचं प्रूफ काढलं. कणकवलीचा छपाईवाला आता मला ओळखतो; म्हणाला, ताई, मोबाइलचे फोटो एवढे कागदावर कशाला काढता. काकांनी प्रूफ संध्याकाळी घेतलं आणि पडवीतल्या बल्बखाली बसले. मी स्वयंपाकघरात काकीला सोलं निवडू लागत होते, कान पडवीकडे. पेन्सिलीचा आवाज येईना. तासाभराने हाक आली.

सहा कागदांवर मिळून एकच तांबडं वर्तुळ होतं, पत्त्यावर. 'आचऱ्याच्या तिठ्यावर.' माझ्या पोटात गोळा आला. ऱ्या तर जागच्या जागी होता, ठ्याही मोडला नव्हता. मी कागद बल्बजवळ नेला, उलटा करून पाहिला.

"बाय, तिठ्यार खंय?" काका म्हणाले. "आपला घर तिठ्याच्या अलीकडे. लोकांका फुकट पुढे कित्याक पाठवतंस?"